चेंबरमधला जुना लॉक

आज सकाळी माझ्या गॅरेजच्या गाळ्याचं शटर वर सारलं तसा रात्रभर कोंडलेला वास अंगावर आला. जळकं ऑइल, रॉकेल, ओलं पोतं, आणि इथे मांजर्लीत नदी उशाशी असल्यामुळे बारा महिने भिंतींतून पाझरणारी ती मातकट ओल. एका मोटरसायकलचं इंजिन कालपासून उघडून ठेवलं होतं. पिस्टनच्या पिनेला दोन्ही टोकांना धरून ठेवणारी तारेची बारीक कडी असते, नखाएवढी. आम्ही तिला लॉक म्हणतो. तो काढायला गेलो, चिमट्यातून निसटला, आणि कुठेतरी टिण् वाजलं. मी मोठ्याने ओरडलो, "पडला!" आणि पाय जागच्या जागी थांबले. गाळ्यात मी एकटाच होतो. ऐकायला कुणी नव्हतं, तरी ओरडलो.

ही हाक मी उल्हासनगरात, विठ्ठलवाडीच्या एका गॅरेजात शिकलो. मी यवतमाळकडचा. आठवीत शाळेशी फारकत झाली, मग जिनिंगमध्ये रुई वाहिली, आणि एका नातेवाइकाच्या शब्दावर उल्हासनगरला आलो. गॅरेजचे मालक सिंधी, वयस्कर. सगळे त्यांना दादा म्हणत. आमच्या गावाकडे दादा म्हणजे थोरला भाऊ, इथे आजोबांच्या वयाचा माणूसही दादाच. मला महिनाभर ते नीट जिभेवर बसेना. त्या गॅरेजची एक रीत होती. हातातून काही सुटलं की त्याने "पडला" म्हणून हाक द्यायची, आणि हाक ऐकली की सगळ्यांनी थिजायचं. झाडू नाही, किक नाही, पाऊल नाही. वस्तू मिळेपर्यंत रागावणंही नाही. "गिरी हुई चीज मिलती है, पुट," दादा म्हणायचे, "छुपाई हुई नाही मिळत." पुट म्हणजे पोरा. परमुलखात मला कुणी पोरा म्हणत होतं, हे रात्री खोलीवर गेल्यावर मी पुन्हा पुन्हा आठवून बघायचो.

एके दुपारी बारवी धरणाकडच्या पाड्यावरून एक जण धूर ओकणारी मोटरसायकल घेऊन आला. बायको इथल्या दवाखान्यात भरती, घरी म्हातारी आई आणि दोन लेकरं. "दादा, सांज व्हायच्या आत निघाय पायजे बरं का. पोरं वाट बघत असतील," तो येता येताच म्हणाला, आणि उपड्या ड्रमवर बसला. पिस्टनवरचा ब्लॉक निघाला. खाली चेंबरचं, म्हणजे इंजिनाच्या पोटाचं, तोंड उघडं पडतं, त्यात मी फडकं कोंबलं. एक लॉक काढून ताटलीत ठेवला. दुसऱ्याने उसळी घेतली. टिण्.

"पडला!" मी म्हणालो.

आवाज आत झाला की बाहेर? मला वाटलं आत. फडकं एका बाजूने बोटभर सरकलेलं दिसत होतं. पण ते आधी सरकलं की नंतर, कोण जाणे. शेजारी अंबरनाथचा मिस्त्री काम करत होता, माझ्याहून जुना. तो म्हणाला, "बाहेर उडाला रे. फरशीवर वाजला, मी ऐकला ना! तुझे कान आहेत का आकाशवाणी?"

मग शोध सुरू झाला. स्पोकच्या टोकाला लावलेलं चुंबक आत फिरवलं. काडीला ग्रीस फासून कोपरे चाचपले. ऑइल काढून जुन्या बनियनमधून गाळलं. गाडी डावीकडे कलवली, उजवीकडे कलवली, जशी लहान मुलाच्या कानातलं पाणी काढतात तशी. फरशीही पाहिली. काही नाही. उरला एकच मार्ग, इंजिन उतरवून चेंबर फोडायचा, म्हणजे दोन भाग अलग करायचे. त्यात दुसरा दिवस उजाडणार. लॉक आत नसेलच, तर त्या माणसाची संध्याकाळ उगाच बुडणार. आत असेल आणि आम्ही तसंच बंद केलं, तर धरणाच्या जंगलातल्या रस्त्यावर इंजिन जाम होणार.

दादांनी मला विचारलं, "पक्का आत?"

"वाटलं, दादा."

वाटणं म्हणजे काय? शाळेत तर वाटल्याचे गुण कधी मिळाले नव्हते. आता इथूनही बिऱ्हाड उचलायचं, एवढंच डोक्यात.

"जिसके हात से गिरा, उसी का कान," दादा म्हणाले. "खोल." आणि स्वतःच्या स्कूटरची किल्ली त्यांनी त्या पाड्यावरच्या माणसाच्या हातात ठेवली.

त्याने स्कूटरकडे संशयाने पाहिलं. "हिला गेरच न्हाईत?"

"नाहीत."

"मंग ही थांबते कशी, माझ्या बापाच्या पुण्याईवर?"

मिस्त्री खो खो हसला. तो माणूस दोन्ही पाय जमिनीवर घासत गेला. पण उजेड असतानाच निघाला.

दुसऱ्या दिवशी चेंबर उघडला. तळाच्या काळ्या गाळात एक लॉक होता. माझा जीव भांड्यात पडला, आणि दादांनी लॉक पुसताच पुन्हा बाहेर आला. तो लॉक आमचा नव्हता. जुना, काळवंडलेला, एका टोकाला झिजून धारदार झालेला. आधीच्या कुणाच्या तरी हातून पडलेला, आणि कुणाला न सांगता आतच बंद केलेला. आमचा लॉक आत नव्हता. चुंबक घेऊन फरशी पुन्हा पालथी घातली, तिथेही नव्हता.

"म्हणजे मीच बरोबर!" मिस्त्री म्हणाला.

"तू बरोबर," दादा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "आणि हा पण." आणि नवे लॉक आणायला निघून गेले.

मला ते आजही उलगडलेलं नाही. जो पडला तो मिळाला नाही. जो मिळाला तो आम्ही पाडला नव्हता. मग मी ऐकलं काय? तो जुना लॉक मी मागून घेतला. इथे खिळ्याला टांगलाय. कधी कधी त्या अनोळखी हाताचा विचार येतो. त्यालाही टिण् ऐकू आलं असेल, त्यालाही नक्की वाटलं नसेल. फक्त त्याच्या आसपास "पडला" म्हणून सांगावं असं कुणी नसेल.

दादा आता नाहीत. आज हाक दिल्यावर मी उगाच थोडा वेळ थांबलो, कुणी तरी विचारेल म्हणून. मग स्वतःलाच विचारलं, पक्का आत? वाटलं, मी म्हणालो. आणि पाय न हलवता, हात लांब करून, खिळ्याशेजारचं चुंबक काढलं.