मी घातलेली तपासणी मीच काढली

मंडळी, आज माझं काम माझ्याच हातानं पुसलं.

आमच्या सर्व्हरवर अनेक ग्राहकांचे आभासी कॉम्प्युटर चालतात. बाकीच्यांचे रखडू नयेत म्हणून एकानं किती प्रोसेसर घ्यायचे याची मर्यादा ते चालवणाऱ्या हायपरवायझर या प्रोग्रामच्या कोडमध्ये होती, पण ती पाळली जाते का हे कुणी तपासतच नव्हतं. मी कर्नलमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या गाभ्यातल्या प्रोग्राममध्ये, तपासणी घातली. आज सकाळी सगळ्यात मोठ्या ग्राहकाचं मशिन सुरूच होईना, कारण तो कायमच मर्यादेबाहेर होता.

मॅनेजरांचा फोन आला. "तपासणी काढ. मर्यादा राहू दे, दाखवायला."

ढोकीला, गावच्या घरी बसून काढली. शेजारी अण्णा, माझे वडील, होते. त्यांना सांगितलं.

"दुष्काळात सोसायटीच्या विहिरीवरच्या मोटारीला म्याबी कुलूप लावलं व्हतं," ते म्हणाले. "कुणी पाण्याची पाळी मोडू नये म्हणून. चेअरमननं सवताच्या उसासाठी काढाय लावलं."

"मग तुम्ही काय केलं?"

"काढलं. विहीर आटली, मग पाळी तरी कशाची?"

संध्याकाळी एका छोट्या ग्राहकानं विचारलं, मशिन इतकं रखडतंय, सगळ्यांना मर्यादा आहे ना?

मी "हो, आहे" असं लिहून पाठवलं. तुम्ही काय लिहिलं असतं?