भामाआक्काचा विळा

आधीच सांगून टाकतो, मी भित्रा माणूस हाय. आवाज मोठा, म्हणून लोकांना वाटतं पुंडलिक कुणाच्या बापाला भीत नाय. लॅबमधली पोरं मागनं मला भोंगा म्हणतात, तेही मला माहीत हाय. पण ओरडणारा माणूस आतून किती लटपटतो, ते त्याच्या बायकोला विचारावं. आमच्या गीताला विचारा, ती पदराआड हसंल आणि सगळं सांगून टाकंल.

मी विद्यापीठाच्या मका संशोधन प्रयोगशाळेत परिचर. सव्वीस वर्षं झाली. बियाणं थंड खोलीत ठेवायचं, पाकिटांवर नंबर टाकायचे, हंगामात मागच्या शेतावर मजुरांबरोबर उभं राहायचं. नोकरी पक्की, घर गारखेड्याला, रिटायर व्हायला दोन वर्षं. म्हणजे खरं बघितलं तर मला भ्यायचं कारणच नव्हतं. जिनं भ्यायला पाहिजे ती भामाआक्का.

आक्का रोजंदारीवर. एकोणीस वर्षं रोज बजाजनगरहून दोन रिक्षा बदलून यायची, डोक्याला रुमाल बांधून, आठच्या ठोक्याला. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी. मला भाऊ म्हणायची, आणि चिडली की नुसतं 'ए भोंग्या'. तिच्याइतकी मक्याची लग्नं या जिल्ह्यात कुणी लावली नसतील.

लग्नं म्हणजे कसं, ते सांगतो. मक्याच्या शेंड्याला तुरा येतो, त्यात पराग. खाली कणसाला रेशमासारखे केस फुटतात. पराग केसावर पडला की दाणा भरतो, एका केसाला एक दाणा. शेतकऱ्याच्या रानात हे काम वारा करतो. आमच्याकडं वाऱ्याला बंदी. कुठल्या बापाचा पराग कुठल्या आईला, हे सगळं वहीत लागतं. म्हणून तुऱ्याला पिशवी, कणसाला पिशवी, आणि सकाळी ऊन तापायच्या आत हातानं पराग झाडायचा. एका ताटावरनं, म्हणजे मक्याच्या धाटावरनं, दुसऱ्या ताटाकडं जाताना हाताला, बाहीला स्पिरिट लावून पुसायचं, कारण परागाचा कण डोळ्याला दिसत नाय. आणि एक नियम आक्कानंच सगळ्यांना शिकवलेला: आधी पांढरा मका, जांभळा सगळ्यात शेवटी. जांभळ्याचा पराग लई दांडगा. पांढऱ्याच्या केसावर एक कण पडला की तो दाणा काळा झालाच म्हणून समजा.

ज्यानं लग्न लावलं त्यानं पिशवीवर आपली खूण करायची. बाकीचे नावाचं पहिलं अक्षर टाकायचे. आक्काला लिहिता येत नव्हतं, ती पेन्सिलीनं एक विळा काढायची. एकोणीस वर्षांत विळ्याच्या पिशवीतनं एकही भेसळीचं कणीस निघालं नव्हतं. नवीन पोरं आली की आमच्या लॅबचे प्रमुख अभय सर त्यांना विळ्याची पिशवी दाखवायचे आणि म्हणायचे, "असं काम पाहिजे." आक्का तेव्हा तोंडाला पदर लावून उगीच दुसरीकडं बघायची.

तर गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्याकडं अमृता नावाची संशोधन करणारी पोरगी हाय, वैजापूर तालुक्यातली. तिनं तिकडच्याच एका म्हातारीच्या घरातनं जुना पांढरा मका आणला होता. पाऊस लांबला तरी तग धरणारा. तिच्या चार वर्षांच्या कामाचा सगळा डोलारा त्या मक्यावर. पण बियाणं जुनं होऊन मरत गेलं आणि शेवटी अकरा दाणे राहिले. म्हणून आम्ही त्या मक्याला अकराच म्हणायला लागलो. अकरा पेरले, चार उगवले, तीन लष्करी अळीनं खाल्ले. राहिलं एक ताट. त्याला एक कणीस. ते गेलं की तो मका गेला. अमृता रोज सकाळी त्या ताटाजवळ जाऊन उभी राहायची, आजारी माणसाजवळ राहतात तशी.

सप्टेंबरात पराग झाडायचा आठवडा चालू झाला. त्या आठवड्यात सुट्टी नाय, हा आमच्या अभय सरांचा कायदा. सर माणूस वाईट नाय, पण कायद्याला लई पक्के. आदल्या वर्षी एक बाई दोन दिवस आली नाय, तिला पुढच्या हंगामाला बोलावलंच नाय. हजेरीसुद्धा ते पिशव्यांवरच्या खुणांवरनं बघायचे.

मंगळवारी सकाळी आक्काचा फोन आला, घाटी दवाखान्यातनं. लेकीला, मोनिकाला, पहाटेच कळा सुरू झालेल्या. "भाऊ, मी नाय येऊ शकत रं. माझ्या ओळी तेवढ्या तू कर. आन् माझा विळा काढ पिशव्यांवर. तुझ्या पाया पडते, सरांना कळू देऊ नगंस."

म्हटलं, "पाया कशाला पडतीस? जा, पोरीकडं बघ." मोठ्या आवाजात म्हटलं. आपला आवाज मोठाच.

आता माझ्या ओळी आणि तिच्या ओळी, ऊन चढायलेलं, आणि त्यात आमचा ड्रायव्हर मोतीराम गाडीच्या किल्ल्या विचारायला तीनदा आला. मी त्याच्यावर खेकसलो, शेडजवळच्या ओळी आधी उरकून घेऊ म्हणून कामाला लागलो, आणि त्या ओळी जांभळ्या होत्या. त्या झाल्या. मग तरातरा आक्काच्या ओळीत गेलो, अमृता तिथनं लॅबमध्ये परतली होती, अकराची पिशवी उघडली, त्याचाच तुरा त्याच्यावर झाडला, पिशवी बांधली, पेन्सिलीनं विळा काढला. घाम पुसायला बाही वर घेतली तर बाहीवर पिवळी भुकटी.

स्पिरिटची बाटली शोधली. खिशात नाय. ती जांभळ्या ओळीच्या टोकाला बांधावर ठेवलेली, मी ठेवली तिथंच.

मी हात पुसला होता का? इकडं यायच्या आधी पुसला होता का? सव्वीस वर्षं जे काम न बघता करतो ते आज केलं का, हे काही केल्या आठवेना.  त्या उन्हात, खरं सांगतो, दात वाजायचे बाकी होते.

तेव्हाच जाऊन सांगायला पाहिजे होतं. सांगितलं असतं तर काय झालं असतं? चार शिव्या. पण सांगायचं म्हणजे विळा मी काढला हेही सांगायचं, म्हणजे आक्का आली नव्हती हेही सांगायचं. मी स्वतःला समजावलं की मी आक्कासाठी गप्प हाय. खोटं होतं ते. मी माझ्यासाठी गप्प होतो. रिटायर व्हायला दोन वर्षं असताना हातात मेमो नको होता मला.

दुसऱ्या दिवशी आक्का बर्फी घेऊन आली. नात झाली होती. सगळ्यांना बर्फी वाटून ती आपल्या ओळी बघायला गेली, मी मागोमाग. अकराच्या पिशवीजवळ थांबली. विळ्यावरनं अंगठा फिरवला. मग माझ्याकडं बघितलं.

"सगळं नीट झालं ना रं भाऊ?"

"न व्हायला काय झालं? पहिल्यांदा करायलो का मी?" मी गरजलो.

ती पुढच्या ओळीकडं वळली. बर्फीचा तुकडा मी कागदात गुंडाळून खिशात टाकला.

कणीस वाळायला चाळीस-पंचेचाळीस दिवस लागतात. ते दिवस मी कसे काढले माझं मला माहीत. अमृता हातात काठी घेऊन पोपट हाकलत बसायची आणि मला म्हणायची, "काका, तुमच्या भामामावशींनी केलंय म्हणून मला घोर नाही." मी लगेच दुसऱ्या ओळीत शिरायचो. चहाच्या वेळेला मी आक्काशेजारी बसायचं सोडलं, काम काढून थंड खोलीत जायचो. एकदा तर छाती घट्ट करून सरांच्या दारात जाऊन उभा राहिलो. सर फोनवर कुणाला तरी झापत होते. फोन ठेवून म्हणाले, "काय पुंडलिक?"  म्हणालो, "सर, स्पिरिट संपलंय." त्यांनी चिठ्ठी दिली. मी पाच लिटर स्पिरिट घेऊन आलो. कपाटात आधीचं तेवढंच पडलेलं होतं.

एकदा दुपारी कुणी नाय बघून कणसाचं पान सोलायला हात घातला. निदान कळंल तरी, काळं का पांढरं. पिशवीपर्यंत बोटं गेली, पण गाठ सोडवली नाय. आलो परत. गीता म्हणाली, "कुणाचा खून करून आलात का? ताटात बघून जेवायलात, माझ्याकडं बघंना झालात." मी तिच्यावरही ओरडलो. दुसरं येतं काय मला.

दसऱ्यानंतर कणसं काढली. शेडमधल्या लांब टेबलावर पिशव्यांसकट ओळीनं मांडली. सर, अमृता, आक्का, मी, बाकीचे मजूर. अकराचं कणीस अमृतानं स्वतः घेतलं. तिचे हात कणसावर, माझे खिशात होते. एक पान सोललं, दुसरं सोललं. पांढरं. मोत्यासारखं पांढरं. मी श्वास सोडला. तिनं कणीस फिरवलं.

काळे दाणे. एका कडेला, एकाखाली एक. सात.

 अमृताच्या डोळ्यांत पाणी तरळलं. सरांनी रिकामी पिशवी उचलली, उजेडाला धरली.

"विळा," ते म्हणाले. "भामाबाई? तुम्ही?"

तेव्हा मला दिसलं. टेबलावर शेजारीच आक्काच्या दुसऱ्या पिशव्या होत्या. आक्का डावखुरी. तिच्या सगळ्या विळ्यांची तोंडं डावीकडं. सरांच्या हातातल्या विळ्याचं तोंड उजवीकडं. एकोणीस वर्षं मी ती खूण बघत आलो आणि काढताना मात्र मला ते सुचलं नाय. तिला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. तिनं नुसतं बोट दाखवलं असतं तर भेसळीच्या आरोपातनं सुटली असती.

"व्हय सर," आक्का म्हणाली. "विळा माझाच हाय."

 बोल, बोल की, मी मनात म्हणतोय, आणि तोंड उघडंना.

सरांनी पिशवी टेबलावर ठेवली. त्यांनाही वाईट वाटत होतं, दिसत होतं. "भामाबाई, सगळ्यांना एक कायदा. पुढच्या हंगामाला नका येऊ."

तिनं मान हलवली. ॲप्रन सोडला. रडली नाय, भांडली नाय. ॲप्रनची घडी घातली, चार कोपरे जुळवून, आणि टेबलावर ठेवली. मग डोक्याचा रुमाल सोडून त्यानं हात पुसले, जसे ती दर ताटानंतर पुसायची तसे, एक एक बोट.

"सर, तो विळा मी काढला."

आवाज माझा होता. लई बारीक. मागच्या पोरांना ऐकूसुद्धा गेला नसंल, म्हणून दुसऱ्यांदा म्हणावं लागलं. मग सगळंच सांगितलं. दवाखाना, जांभळ्या ओळी, बांधावरची बाटली, पाच लिटर स्पिरिट. सांगताना मी टेबल धरलं होतं.

सरांचा चेहरा लाल झाला, पण अमृतानं मध्येच विचारलं, "काका, जांभळ्याचाच पराग होता ना? नक्की? दुसऱ्या कुठल्या पांढऱ्याचा नाही?"

"आई शप्पथ जांभळ्याचा. त्याच्याआधी दुसऱ्या कशाला हात लावला नव्हता."

तिनं चिमटा घेतला आणि एक एक काळा दाणा उपटून बशीत टाकला. टक, टक. सात वेळा. "मग भेसळ तेवढीच," ती म्हणाली. "जांभळ्याचा दाणा लपत नाही. बाकीचे शुद्ध आहेत. अकरा वाचला." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "त्याच दिवशी सांगितलं असतं तर एवढं तरी कशाला घाबरलो असतो आपण?"

ती मिनिटभराची गोष्ट होती. बेचाळीस दिवस मी जिला भ्यालो ती.

सरांनी आक्काला ॲप्रन परत दिला, त्या एका दिवसाचा खाडा पहिल्यांदाच सोडून दिला. मला मेमो मिळाला, शेतावरनं काढून थंड खोलीत बसवलं. मेमो घरी वाचला तर एवढंसं पान. संध्याकाळी रिक्षाच्या थांब्यापर्यंत मी आक्काच्या मागं मागं गेलो.

"आक्का, तुला ठावं होतं. बोलली का नाहीस?"

"तुझं तोंडच सांगत व्हतं, पर तू बोलशील म्हनून थांबले," ती म्हणाली. "रोज सकाळी रिक्षात बसताना वाटायचं, आज भाऊ बोलंल. आज नाय बोलला तर उद्या बोलंल. मी बी मानूसच हाय रं, मला का भ्या वाटत नव्हतं?" रिक्षा आली, ती बसून गेली. माझ्याकडं बघितलं नाय.

यंदा परागाच्या आठवड्यात मी थंड खोलीच्या खिडकीतनं पिशव्या वाटत होतो. आक्का आली. एक गठ्ठा घेतला, कानावरची पेन्सिल काढली, आणि तिथंच खिडकीच्या कठड्यावर वाकून वरच्या पिशवीवर काहीतरी लिहायला लागली. जीभ दातात धरून, डाव्या हातानं. दिवाळीपासून दुपारच्या सुट्टीत ती अमृताजवळ बसायची, ते मी लांबनं बघितलं होतं, पण कशाला ते विचारायचं धाडस झालं नव्हतं.

तिनं पिशवी माझ्याकडं फिरवली. "वाच."

"भामा," मी वाचलं.

"नीट हाय का?"

"नीट हाय, आक्का."

"विळा सोडला मी," ती म्हणाली, आणि गठ्ठा उचलून पांढऱ्या ओळींकडं चालायला लागली.