कालचा पाऊस

पावसाच्या नोंदी साफ करणं हा माझा धंदा. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत उमेदीची वर्षं मी त्यातच घालवली. ठिकठिकाणच्या पर्जन्यमापकांच्या वह्या पोत्यांतून यायच्या, मुली ते आकडे संगणकात भरायच्या, आणि त्या लाखो आकड्यांतले भरवशाचे कोणते, हे माझा प्रोग्राम ठरवायचा. हवामान बदलतंय की नाही, हे पुढे मोठे लोक त्यावरून सांगणार होते. केवढा तोरा होता मला त्याचा!

नियम साधा होता. एखाद्या गावचा पाऊस आजूबाजूच्या गावांशी दिवसागणिक जुळला नाही तर ते गाव संशयित. वारंवार जुळला नाही तर अख्खी वही बाद. एवढ्या ढिगाऱ्यात एकेका गावाची चौकशी कोण करत बसणार?

एके दुपारी बाद गावांच्या यादीत माझंच गाव दिसलं. पोशेऱ्याच्या पुढे, मोखाड्याच्या डोंगरातलं. तिथला पाऊस माझी आई मोजायची.

आई ग्रामपंचायतीत शिपाई होती. प्रौढ साक्षरतेच्या वर्गात अक्षरं गिरवली आणि पर्जन्यमापकाची बाटली तिच्या हवाली झाली. रोज सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, माप डोळ्यांसमोर धरून आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. नाचणीची लावणी असो की अंगात ताप, तिने एक सकाळ चुकवली नाही. बहिणीच्या लग्नात, भर उन्हाळ्यात, हळदीच्या हातांनी कोरडी बाटली बघून आली आणि वहीत शून्य लिहिलं. वऱ्हाडी हसले. मीही हसलो.

स्क्रीनवर तिचे आकडे उघडले. प्रत्येक मोठा पाऊस आमच्या गावात शेजारच्या जव्हारच्या एक दिवस आधी पडलेला. बघताक्षणी कळलं. सकाळी मोजलेला पाऊस त्याच सकाळच्या तारखेला लिहायचा, असा नियम आहे. आई तो आदल्या दिवसाला लिहायची. शाळेत असताना मी तिला एकदा हटकलंही होतं. ती म्हणाली होती, "काल पडला तो कालचा ना रं? आजच्या नावावर कसा लिवू?" तेव्हा मला ते पटलं होतं. खरं सांगायचं तर आजही पटतं.

म्हणजे सगळी वही एक दिवस पुढे सरकवली की काम झालं. मी धावत जाऊन साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "छान पकडलंत. पण आपल्या मनाने तारखा हलवता येत नाहीत. मोजणाऱ्याकडून तसं लिहून आणा. कोण असतं तिथे?"

एवढंच विचारलं त्यांनी. संस्थेत मी स्वतःला नाशिककडचा म्हणवायचो. वडील वीटभट्टीवर जायचे, पण मी त्यांना शिक्षक करून टाकलं होतं. आता आई शिपाई आणि तिला तारीखही धड लिहिता येत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

"माहीत नाही, सर," मी म्हणालो.

"मग राहू द्या."

मी राहू दिलं. तिची वीस वर्षं मी एक ओळ टाइप करून पुसली. मग प्रोग्रामने खालच्या सखल, कमी पावसाच्या गावांचे आकडे घेऊन आमचा डोंगर भरून काढला.

तिला मात्र मी आधीच सांगून बसलो होतो की तिचा पाऊस मोठ्या नकाशात जाणार. तिने ते गावभर केलं होतं. दिवाळीला नकाशा घेऊन जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ज्या साली घाटातला रस्ता वाहून गेला, त्या सालचा नकाशा होता तो. तिने ओटीवर पसरला आणि मोखाड्यावर बोट ठेवलं. तिथला रंग फिका होता. रंगांचा अर्थ मीच तिला समजावून दिला होता, मोठ्या हौसेने.

"इतकाच? त्या साली बाटली भरून वाहायची. दोन दोनदा मोजायची मी."

"नकाशा मशीन काढतं, आई," मी म्हणालो. माझा चेहरा बघून तिला माझीच दया आली असावी. नकाशाची घडी घालत ती माझी समजूत काढायला लागली.

"मशीनला काय कलतं रं? तू तिथं असतास तं असा होऊ दिला नसतास."