न मोडलेल्या चकल्या

कुरियरवाल्याने फराळाचा खोका कानाशी धरून नारळासारखा हलवला आणि म्हणाला, "काकू, काही वाजत नाही. निर्धास्त जा." तिथेच माझा संशय बळावला. लेकीकडे कॅनडाला खोका पाठवायचा म्हणून मी बरीच दुकानं फिरले होते. सगळ्यांत कमी दर याचाच, तोही घासाघीस न करता. आपल्याला स्वस्त हवं असतं, पण न मागता मिळालं की ते खोटं वाटतं. भाजीवाली पहिल्याच बोलीला हो म्हणाली, तर मी जुडी उलटीपालटी करून बघते.

खोका पोचला. लेकीचा फोन आला, "आई, एकही चकली मोडली नाही."

हायसं वाटायला हवं होतं. पण माझ्या चकल्या इतक्या खुसखुशीत, की डब्यातून ताटलीत येईतो दोन-चार मोडतातच. लहानपणी ते तुकडे हीच पळवायची. म्हणजे ती माझं मन राखत होती.

कुरियरवाल्यावरचा संशय तेव्हाच गेला. पण "आम्ही इथे मजेत आहोत" असं ती दर रविवारी सांगते, ते आता मला खरं वाटत नाही.