रबरी दोराचं वर्ष

दिवाळी आटोपली की आमच्या मंडळाची वार्षिक बैठक आगाशीला एका बागायतदारांच्या ओटीवर भरायची. मंडळ म्हणजे आसपासचे काही शिक्षक, कारकून, एक डॉक्टर आणि स्वतः हे बागायतदार. पदरमोड करून आम्ही ग्लायडर उडवायला शिकत होतो. ग्लायडर एकच होतं, लाकडाचं आणि कापडाचं, इंजिन नसलेलं. बसायला पुढे उघडी फळी, आणि पायांपुढे काहीच नाही. वर्षभर ते केळीच्या घडांशेजारी मांडवात पडून असे. नाताळ आणि नवीन वर्ष यांच्या मधल्या दिवसांत आम्ही ते अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर न्यायचो, आणि तेच आमचं वर्षाचं शिबिर.

अंदाजपत्रक माझ्याकडे होतं, कारण मी शाळामास्तर आणि माझं अक्षर बरं. कापड, वार्निश, बैलगाडीचं भाडं, आणि सगळ्यात मोठा खर्च पेट्रोलचा. एका जुन्या मोटारीच्या इंजिनावर लांब तार गुंडाळून आम्ही ग्लायडर खेचायचो, त्याला ते लागे. उड्डाणांचा क्रमही मीच लावत असे आणि त्यात स्वतःचं नाव शेवटी घालत असे. हिशेब लिहिणाऱ्याने आधी उडून घेतलं असं कोणी म्हणू नये, ही भीती. परिणाम असा की दरवर्षी माझी पाळी येईपर्यंत पेट्रोल संपायचं. मी वाऱ्यात नुसतं बसून पंख तोलायला शिकलो होतो, वाळूवरून घसरायला शिकलो होतो. जमीन मात्र एकदाही सुटली नव्हती. चाळिशी तर आली होती.

त्या वर्षी पेट्रोल मोजून मिळत होतं, आणि आम्हाला मिळायचं होतं ते नेहमीच्या निम्मंही नव्हतं. विमानदलातून परत आलेले, आम्हाला उडायला शिकवणारे शिक्षक ओटीच्या कडेला बसून विडी ओढत होते. ते म्हणाले, "तरुण मुलांना आधी शिकवू. बाकीच्यांनी खालची कामं करावी." मी लगेच मान हलवली आणि माझं नाव खोडलं. कोणी अडवलं नाही, कारण मी इतक्या तत्परतेने खोडलं.

घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती भात वाढत होती. "अहो, नाव खोडून पुण्य लागतं असं वाटतंय का तुम्हाला? घरात वर्षभर सुस्कारे ऐकायचे कोणी?"

"पण लोकांचा पैसा आहे."

"मग लोकांना विचारा. मला नका सांगू."

मी विचारलं नाही. विचारलं ते बागायतदारांनी, शिबिराच्या तयारीला पुन्हा जमलो तेव्हा, आणि तेही माझ्यासाठी नाही. त्यांच्या मांडवात एक जाड रबरी दोर पडला होता. इंजिन येण्यापूर्वी तो ग्लायडरच्या नाकाला अडकवून, त्याची दोन्ही टोकं धरून माणसं पुढे धावत. दोर ताणला गेला की मागून धरलेली शेपटी सोडायची, मग ग्लायडर गोफणीतल्या दगडासारखं सुटायचं. "पेट्रोल नाही, तर हा काय वाईट?" ते म्हणाले.

"ओढायला माणसं कुठेत?" शिक्षक म्हणाले. "आपण सगळे मिळून एक बैल होत नाही."

"अर्नाळ्याला दोर ओढणाऱ्यांची वाण नाही," बागायतदार म्हणाले.

म्हणून बागायतदार, शिक्षक आणि मी असे तिघे कोळीवाड्यात गेलो. तिथले एक म्हातारे नाखवा जाळं सांधत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते वर जातं, मग मासली आनतं काय?"

"नाही," मी म्हणालो.

"मग कशाला जातं?"

शिक्षक हसले आणि म्हणाले, "खाली यायला." नाखवाही हसले.

मी मजुरीचं काढलं. ते जाळ्यावरून नजर न उचलता म्हणाले, "पैशाचं नको, मास्तर. ओहोटीला आमी तुमची वढतो, भरतीला तुमी आमची वढा." कोळीवाड्यात होड्या अशाच वर काढतात, एकाची होडी सगळे ओढतात आणि मग दुसऱ्याची. आम्ही त्या रांगेत बसलो, एवढंच.

शिबिराच्या पहिल्या दिवशी कोळ्यांनी ग्लायडरपुढे नारळ फोडला, एका ख्रिस्ती पोराने कपाळावर क्रूसाची खूण केली, आणि मंडळी दोराला लागली. पहिल्यांदा शिक्षक स्वतः बसले. सगळ्यांनी ग्लायडरकडे तोंड करून टाचा वाळूत रोवल्या आणि एका सुरात हिसका दिला. मग थांबले, दम घेतला, पुन्हा हिसका. शेपटी सोडली तेव्हा ग्लायडर डुलत डुलत थोडं पुढे सरकलं आणि शांतपणे वाळूत बसलं.

"आली ना पुढं?" नाखवा म्हणाले.

"पुढे नाही, वर जायला हवं," शिक्षक म्हणाले. " पाठ करा आणि पळा. थांबायचं नाही."

"होडीपुढं कोन पलतो?" नाखव्यांनी मागे वळून सगळ्यांना विचारलं. सगळा किनारा हसत सुटला. पण पुढच्या वेळी ते पळाले.

तीन दिवसांत तरुण मुलं उडली. पेट्रोल लागलंच नव्हतं, त्यामुळे संपण्यासारखं काही राहिलं नव्हतं. चौथ्या दिवशी दुपारी शिक्षक माझ्याकडे वळले. "बसा."

"नाव खोडलंय माझं."

"कागदावर खोडलंय. बसा."

पट्टा बांधताना माझ्या मनात नेहमीचंच आलं, की इतकी माणसं उन्हातान्हात माझ्या हौसेसाठी धावणार, आणि मी कोण लागून गेलो? पण नाखवा दोराच्या टोकाला उभे होते. ते ओरडले, "मास्तर, ढिले बसू नका. आमची मेहनत वाया घालवाल." त्यानंतर मला विचार करायला वेळ मिळाला नाही.

त्यांच्या काळ्या पाठी माझ्यापासून पळत लांब गेल्या, दोर बारीक झाला, आणि पाठीत धक्का बसला. वाळूची घरघर एकदम थांबली. दोर आपोआप गळून पडला. त्या पाठी माझ्या पायांखालून मागे गेल्या, त्यातला एक माणूस वर बघता बघता पडलेला मला दिसला. उंची सुरूच्या झाडाएवढीही नसेल. वायव्येचा वारा तोंडावर येत होता आणि डावीकडे समुद्र जरा तिरका दिसत होता, म्हणजे पंख कलला होता. तो मी सावरला. मग वाळू वर आली. उतरलो तेव्हा सगळे माझ्याकडे धावत येत होते. आभार मानायला मी एकेकाचा हात धरत गेलो.

"हात मग धरा," नाखवा म्हणाले. "भरती लागली."

त्या संध्याकाळी मी होड्यांच्या दोराला लागलो. पहिल्याच होडीला नव्या सवयीने पाठ करून पळायला निघालो आणि तोंडावर पडलो. "मास्तर, ही उडत नाय. टाचा रोवा," कोणीतरी म्हणालं. मी टाचा रोवल्या. एकामागून एक होड्या वर आल्या, आणि प्रत्येक होडीबरोबर मला हलकं वाटत गेलं, उडताना वाटलं होतं त्याहूनही.

घरी पोहोचलो तेव्हा बायकोने कंदील माझ्या हातांवर धरला. तळव्यांना फोड आले होते, दोन फुटलेही होते.

"उडालात का?"

"उडालो."

"मग हे काय? पंख धरून लोंबकळलात?"

मी तिला होड्यांचं सांगितलं. ती हळद-तेल घेऊन आली आणि माझे तळवे मांडीवर ओढून घेतले.

"चांगलं केलं नाखव्यांनी," ती म्हणाली. "फुकट उडाला असतात, तर मला आणखी एक वर्ष तुमचे सुस्कारे ऐकावे लागले असते."

पुढच्या वर्षी पेट्रोल पुरेसं मिळालं. अंदाजपत्रकात मी ते लिहिलं, आणि त्याखाली लिहिलं, 'भरतीला होड्या ओढणे, सर्व सभासद.' शिक्षकांनी वाचलं आणि विचारलं, "आता कशाला? इंजिन आहे की."

मी म्हणालो, "असू द्या." क्रमात माझं नाव त्या वर्षी मधोमध होतं.