बापूसाहेबांचा राजीनामा मी लिहिला

"आता मला मोकळं करा," बापूसाहेब म्हणाले, आणि गादीवर बसलेल्यांपैकी कुणीही तोंड उघडलं नाही.

मी कोपऱ्यात मांडीवर फळी घेऊन बसलो होतो. दौत, टाक, कोरा कागद, सगळं तयार. निजामाच्या राजवटीची ती अखेरची वर्षं. लातूरच्या बलदियाची, म्हणजे आजच्या भाषेत नगरपालिकेची, निवडणूक तोंडावर आली होती. काही सभासद सरकार नेमायचं, काही लोक निवडून द्यायचे. निवडून येणाऱ्यांत मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, अडत्या-व्यापाऱ्यांचा गट बरीच वर्षं सत्ता राखून होता. त्याला धड नाव नव्हतं. गावात सगळे 'मोंढ्याचा पक्ष' म्हणायचे. या पक्षाचे पुढारी बापूसाहेब.

मी मूळचा नांदेडचा. लातुरात वकिली थाटून फार दिवस झाले नव्हते. बापूसाहेब माझे पहिले मोठे मुवक्किल, म्हणजे पक्षकार. त्यांच्या ओळखीवर मला घर मिळालं होतं आणि दोन वेळचं जेवणही भागत होतं. त्या दिवशी माझं काम एवढंच होतं, की निवडणुकीत पक्षाचा पुढारी कोण, ते उर्दूत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या आणि तो कागद तहशिलीत द्यायचा. कचेरीचा सगळा कारभार उर्दूत, आणि व्यापारी मंडळींचं उर्दू बोलण्यापुरतं. म्हणून वकील.

दुपारी मीटिंगला निघताना बापूसाहेब खुशीत होते. वाटेत मला म्हणाले, "वकीलसाहेब, कागदावर माझंच नाव लिहून ठेवा. मी आधी जरा न्हाई म्हणीन, तेवढं चालायचंच. नव्या नवरीसारखं."

या पक्षाची एक रीत होती. हात वर करणं, चिठ्ठ्या टाकणं असलं काही नाही. पुढाऱ्यानं 'मला मोकळं करा' म्हणायचं. मग वयानं सगळ्यांत थोरला असेल त्यानं म्हणायचं, 'छे, असं कसं?' त्याच्यामागून बाकीचे 'न्हाई, न्हाई' करणार. पुढारी थोडे आढेवेढे घेणार आणि शेवटी 'बरं, तुमची मर्जी' म्हणणार. झाली निवड. थोरल्याच्या आधी कुणी बोलायचं नाही, आणि थोरला बोलल्यावर कुणी उलट बोलायचं नाही.

त्या दिवशी मात्र शांतता लांबत चालली.

पक्षात कुरबुर आहे हे मला ऐकून माहीत होतं. बापूसाहेबांचा पुतण्या दिगंबर, त्यांनीच लहानाचा मोठा केलेला, गावभर सांगत फिरत होता की काका आता थकले. तालुकदार, म्हणजे जिल्ह्याचा मोठा साहेब, बोलत असला की काका डुलक्या काढतात. खालच्या वस्तीतली विहीर अजून अर्धीच आहे. हे सगळं खरंच होतं, खोटं कशाला बोलू? पण ती विहीर आपल्या हातून पुरी व्हावी, एवढ्यासाठीच बापूसाहेबांना अजून एक खेप हवी होती. मला त्यांनी हे चारदा तरी सांगितलं असेल.

मी एकेकाचं तोंड बघत होतो. कुणी तक्क्याचा दोरा ओढतोय, कुणी उपरण्याच्या घड्या मोजतोय. दिगंबर मान खाली घालून बसलेला. ठरवून गप्प बसले आहेत, हे माझ्या ध्यानात आलं.

मग दिगंबर हळूच म्हणाला, "काकांची इच्छा हाय, तर आपण तरी किती ओढायचं? लई केलं त्यांनी. वकीलसाहेब, लिहा. काकांनी राजीनामा दिला."

माझ्या डोक्यात वकील जागा झाला. इतका स्वच्छ पॉइंट मला कोर्टात कधी मिळाला नव्हता. मी फळी बाजूला ठेवली आणि उभाच राहिलो.

"हा राजीनामा होत नाही," मी म्हणालो. "लेखी नाही, सही नाही. शिवाय हे दर वेळी म्हणायचं म्हणून म्हटलं जातं, सगळ्यांना माहीत आहे. बापूसाहेबांना खरोखर सोडायचंच नाही. कागदावर स्वतःचं नाव लिहायला त्यांनी मला वाटेतच सांगितलंय."

कुणीतरी खुदकन हसलं.

मग दुसरा हसला. मोठ्यानं नाही, उपरण्याआड. मी बापूसाहेबांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. रीतीचं बोलणं मी सगळ्यांसमोर लबाडी ठरवून मोकळा झालो होतो. मुवक्किलानं विश्वासानं सांगितलेलं चारचौघांत बोलू नये, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. तो मी गिरवला होता, पाठही केला होता.

"वकीलसाहेब, कागद इकडं आणा," बापूसाहेब म्हणाले.

"साहेब, माझं म्हणणं एवढंच..."

"कळलं तुमचं म्हणणं. लेखी न्हाई, सही न्हाई. मग लेखी करा. मी सही करून देतो."

मी बसलो आणि लिहिलं. अक्षर चांगलं आलं, याचीही मला लाज वाटली. बापूसाहेबांनी मोडीत सही ठोकली.

तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "अरे, ठैरो, ठैरो! हे काय करून राहिले?" ते हसनसेठ होते, कापडाचे जुने व्यापारी, त्या बैठकीतले वयानं सगळ्यांत थोरले. त्यांच्या हातात पिकदाणी होती. तोंडातलं पान थुंकून ते आत्ता कुठे बोलते झाले होते.

"सेठ, आता न्हाई," बापूसाहेब म्हणाले. "आता राहिलो, तर लोक म्हणतील म्हातारा चिकटून बसला." चपला घालून ते निघाले. मी मागून गेलो तर हातानं मला थांबवलं.

दुसऱ्या दिवशी मी हसनसेठांच्या दुकानात गेलो. ते माझ्यावर चांगलेच उखडले. "अहो, मी बोलणारच होतो! तोंडात पानाचा तोबरा. भरल्या तोंडानं मजलिशीत बोलायचं असतं का? पिकदाणी हातात येईतोवर थांबायला काय झालं तुम्हाला? मी एकदा 'असं कसं' म्हटलं असतं, तर या पोरांची काय छाती होती?"

एरवी पानाचं तबक निवड झाल्यावर फिरायचं. त्या दिवशी ते आधीच फिरलं होतं. दिगंबरनं मुद्दाम केलं की कसं, मला माहीत नाही. केलं असलं तरी त्याचा डाव त्या पानानं साधला नसता. तो मी साधून दिला.

मोंढ्याचा पक्ष निवडून आला. दिगंबर पुढारी झाला आणि वाईट निघाला नाही. खालच्या वस्तीतली विहीरही त्यानं पुरी केली. वर पक्षाचं कोर्टाचं सगळं काम त्यानं मलाच दिलं. त्या कामावर माझी प्रॅक्टिस उभी राहिली. पहिल्या वेळी तो म्हणाला, "वकीलसाहेब, तुमचे आमच्यावर उपकार हायेत," तेव्हा मला भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

बापूसाहेबांकडे जायला मला बरेच दिवस धीर झाला नाही. शेवटी गेलो. त्यांनी बसायला घातलं, चहा सांगितला. त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हणालो, "साहेब, एक सांगायचं होतं. सगळेच तुमच्या विरोधात नव्हते. हसनसेठ बोलणार होते."

"मला ठाऊक हाय," बापूसाहेब म्हणाले. "तो पिकदाणी मागत होता. मी त्याच्या हाताकडंच बघून राहिलो होतो."

चहा आला. मी तो कसाबसा प्यायलो.

पुढे माझ्या हाताखाली कितीतरी ज्युनियर आले. आपला मुवक्किल गप्प बसला असेल तर आधी त्याची नजर कुठे आहे ते बघा आणि मगच उठा, असं मी प्रत्येकाला सांगत आलो. हे तुम्ही कुठल्या खटल्यात शिकलात, असं कुणी विचारलं, की मी त्याला पुढची फाईल आणायला पाठवायचो.