आठवा टोला

सून ओट्यावर पितळी घंटा चिंचेनं घासायलीय, अन् त्या आंबट वासानं माझं डोकं पुन्हा तापलं.

माझी सुनंदा नौदलात अफसर होती. ती आजारानं गेली, त्याला लय वर्षं झाली. वर्षश्राद्धाला तिच्यासंगं नोकरी करून निवृत्त झालेल्या बायकांची संघटना आमच्या झरी गावाला आली. पांढऱ्या साड्या, छातीवर बिल्ले, अन् ही घंटा. मला वाटलं, जन्मभर यांनी पोरीला घरापासून लांब ठेवलं, आता तिचा दुखवटाही यांनाच पाहिजे.

जेवणाआधी अंगणात एका उंच बाईनं घंटा धरली.

"हे काय चालवलंय?" मी विचारलं.

"बाबा, जहाजावर आठ टोले पडले की पहाऱ्याची पाळी संपते. सुनंदाची पाळी संपली, तिनं आता निवांत झोपावं, म्हणून वाजवतो."

सातवा टोला पडला अन् मी उठून घंटेचा लोलक मुठीत आवळला. "माझ्या पोरीची पाळी संपली म्हणणाऱ्या तुमी कोण? निघा इथून!"

वाढलेली पानं तशीच राहिली. मी मूठ सोडली न्हाई, म्हणून घंटाही इथंच राहिली. जाताना ती उंच बाई माझ्या पाया पडली. सगळं ढोंग, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो. पण वाकताना ती सुनंदाचं नाव पुटपुटली, ते मी तेव्हाच ऐकलं होतं.

उद्या सुनंदाच्या श्राद्धाला त्या पुन्हा यायल्यात. सुनेला म्हणलं, "घंटा मागितली तर दे. त्या वाजवायला लागल्या की मी रानात जाईन."

रान लांब न्हाई. देवळातली घंटा तिथवर ऐकू येते, मग अंगणातलीबी येईलच.